ढिगातल्या फळ्या आणि चार जादा पैसे

प्रश्न: सुतारकाम हा माझा धंदा नाही, छंद आहे. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी करतो. पण लाकूड इतकं साठलंय की कामाच्या खोलीत आता काम करायलाच जागा उरलेली नाही. काही फळ्या स्वस्तात मिळाल्या म्हणून घेतल्या, काही जुन्या फर्निचरच्या आहेत, काही मालवाहू पॅलेट फोडून काढल्या, आणि प्रत्येक कामातून उरलेले तुकडे तर आहेतच. त्यात अक्रोडाची एक चांगली रुंद फळी आहे, ती 'कधीतरी टेबल करू' म्हणून ठेवलीय. घरचे म्हणतात, विक नाहीतर फेक. मित्र म्हणतात, चॉपिंग बोर्ड कर, खेळणी कर, हातोहात जातील. दोघे-तिघे तर पुस्तकांचं कपाट करून दे म्हणून मागेच लागलेत. यातून खरंच चार पैसे सुटतात का? काय बनवून विकावं, किंमत कशी लावावी, आणि त्यासाठी आधी प्लेनर मशीन घ्यावं का?
— एक हौशी सुतार

उत्तर: सुटतात, पण तुमचे मित्र दाखवताहेत त्या वाटेने फारसे नाहीत. चॉपिंग बोर्डाचं पुढे बोलू. माझं म्हणणं असं, की ढिगातला निम्म्याहून जास्त माल काहीही न बनवता, लाकूड म्हणूनच विकायचा. तुम्हाला त्यात जरा कमीपणा वाटेल. हाताने काहीतरी घडवावं म्हणून तर आपण या छंदात पडतो. पण तुम्ही पैशांचं आणि जागेचं विचारलंय, आणि त्या दोन्हींसाठी हाच रस्ता जवळचा आहे.

विकत घेणार कोण? तुमच्यासारखेच हौशी लोक. वखारीत त्यांना कोणी एक ठोकळा देत नाही, घ्यायची तर अख्खी फळी घ्या. लेथवर लाकडी पेन कातणाऱ्याला मात्र पाऊण इंच जाडीची चौकोनी आणि पाच इंच लांब कांडी हवी असते. सुऱ्या बनवणारा मुठीच्या दोन्ही अंगांना बसतील अशा एकाच फळीतून चिरलेल्या जुळ्या पट्ट्या शोधत असतो. चमचे कोरणाऱ्याला हातभर ओला ठोकळा पुरतो, उलट डब्या करणाऱ्याला पाव इंचाची कोरडी पातळ फळी लागते. तुम्ही ज्याला तुकडा म्हणता तो या मंडळींचा कच्चा माल आहे, आणि तो योग्य मापाचा, ओळखीचा, कोरडा मिळाला तर ते घनफुटाच्या हिशेबाने वखारीपेक्षा कितीतरी जास्त भाव देतात.

'ओळखीचा' आणि 'कोरडा' या दोन शब्दांतच सगळे पैसे आहेत. लाकूड मिळणं अवघड नाही. खात्रीचं लाकूड मिळणं अवघड आहे. तेव्हा विकायला काढण्याआधी एक सुट्टीचा दिवस नुसता ढीग उपसण्यात घालवा. करवतीला हात लावू नका. खडू घ्या, आणि प्रत्येक फळीच्या टोकावर लाकडाचं नाव, ते कुठून आलं आणि साधारण कधी आलं, एवढं लिहा.

नाव लिहायचं म्हणजे आधी ओळख पटायला हवी. रंगावर जाऊ नका, जुनं झालं की सगळंच तपकिरी दिसतं. फळीचं टोक धारदार पटाशीने किंवा ब्लेडने स्वच्छ तासा, ओल्या बोटाने पुसा आणि दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. पाइनमध्ये छिद्रं दिसणारच नाहीत, फार तर चिकाच्या बारीक नळ्या. ओक आणि अ‍ॅशमध्ये वाढीच्या प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते. मॅपल आणि बीचमध्ये बारीक छिद्रं सगळीकडे सारखी पसरलेली. सागवान तासलं की चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला किंचित तेलकट लागतं. ओकमधला लाल आणि पांढरा ओळखायची एक गमतीची युक्ती आहे: दोनेक इंचाचा सरळ रेषांचा तुकडा घ्या, एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून जोरात फुंका. लाल ओक असेल तर पाण्यात बुडबुडे येतात. पांढऱ्याच्या नळ्या आतून बंद झालेल्या असतात, म्हणूनच मद्य मुरवायची पिंपं त्याची करतात. एवढं करूनही ओळख पटली नाही, तर 'अनोळखी कठीण लाकूड' असं सरळ लिहून टाका. नाव खोटं निघालं तर ते गिऱ्हाईक परत येत नाही, आणि या छंदातली माणसं एकमेकांना ओळखतात.

आता कोरडेपणा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हौशी विक्रेत्याची अब्रू जाते ती इथेच. ताज्या लाकडातलं मोकळं पाणी उडून ओलावा साधारण 30 टक्क्यांवर येईपर्यंत फळी आकसत नाही. आकसणं सुरू होतं ते त्याच्या खाली. वाढीच्या वलयांच्या कडेकडेने ती जितकी आकसते त्याच्या साधारण निम्मीच वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेत आकसते, आणि लांबीत तर जवळजवळ नाहीच. म्हणून फळी नुसती लहान होत नाही, बाक घेते, पीळ घेते, टोकाला चिरते. घरात वापरायच्या वस्तूसाठी लाकूड हवामानाप्रमाणे 6 ते 12 टक्क्यांच्या आसपास असायला हवं. 16 टक्क्यांवरची फूटभर रुंद फळी तुम्ही 'वाळलेली' म्हणून विकलीत आणि ती घेणाऱ्याच्या उबदार खोलीत 8 वर आली, तर ती सहज 6 मिलिमीटर अरुंद होते. त्याने टेबलाच्या टोकांना आडव्या पट्ट्या घट्ट चिकटवल्या असतील तर मधोमध चीर पडलीच म्हणून समजा.

पिनांचं ओलावा मोजायचं यंत्र मिळतं आणि ते घ्यावं असं मी म्हणेन. नसेल तर वजनकाटा आहे. फळीच्या टोकापासून निदान फूटभर आतून एक पातळ काप काढा, लगेच वजन करा, मग साधारण 103 अंश सेल्सिअसला भट्टीत ठेवून वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवा. आधी 230 ग्रॅम आणि शेवटी 200 भरलं, तर उडालेले 30 ग्रॅम भागिले कोरडे 200, म्हणजे 15 टक्के. फळी कापायची नसेल तर तीच फळी दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की ती त्या खोलीच्या हवेशी जुळली. इंचभर जाडीला वर्षभर असा उघड्यावर वाळवण्याचा ढोबळ हिशेब सांगतात. तो ढोबळच आहे, पण दोन इंची फळी सहा महिन्यांत वाळली असं सांगणाऱ्यापासून सावध राहायला पुरेसा आहे. जे अजून ओलं आहे त्याच्या टोकांना मेण किंवा जुना रंग फासा, पाणी टोकांतूनच भराभर पळतं आणि चिरा तिथेच पडतात. आणि ओलं ते 'ओलं' म्हणूनच विका, चमचे कोरणारे आणि वाडगे कातणारे खुशीने नेतील.

पॅलेटच्या लाकडाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण तुमच्याकडे आहेच तर त्यावरचा शिक्का वाचा. देशोदेशी जाणाऱ्या पॅलेटला आयएसपीएम 15 हा आंतरराष्ट्रीय नियम लागू असतो, आणि शिक्क्यात एचटी किंवा एमबी अशी अक्षरं असतात. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली. ते लाकूड बाजूला काढा, विकू नका आणि जाळूही नका. एचटीवरही फार भिस्त ठेवू नये. त्यात किडे मेले एवढंच कळतं. लाकूड सुकलं का, आणि त्यावर वाटेत काय सांडलं, हे शिक्का सांगत नाही. त्यामुळे पॅलेटमधून खाण्याशी संबंध येणारी कोणतीही वस्तू करायची नाही. कुंड्यांच्या खोक्यांसाठी, कामाच्या खोलीतल्या मांडण्यांसाठी ठीक आहे.

जुन्या फर्निचरचंही तसंच. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं 1978 मध्ये बंद झालं, बऱ्याच देशांत त्याच्याही नंतर. असा रंग घासून काढला की ते शिसं धुळीबरोबर घरात येतं. बाहेरच्या कुंपणाचं वगैरे हिरवट छटेचं लाकूड असेल तर ते तांबं, क्रोम आणि आर्सेनिकच्या मिश्रणात मुरवलेलं असण्याची शक्यता आहे. ते विक्रीत नको, शेकोटीत तर नकोच नको. आणि खिळे! लोहचुंबक फिरवून लोखंड सापडेल, पितळेचे स्क्रू सापडणार नाहीत. हातात धरायचा धातुशोधक त्यासाठी घ्या. तुमच्या फळीतल्या खिळ्याने दुसऱ्याच्या करवतीचं पातं गेलं, तर झालेली विक्री आतबट्ट्याची ठरते.

एवढी छाननी झाली की ढिगाचे आपोआप तीन वाटे पडतात: लांब सरळ फळ्या, चांगल्या लाकडाचे आखूड तुकडे, आणि बाकीचं सगळं.

लांब फळ्या जशाच्या तशा विका. त्यांना रंधा मारून गुळगुळीत करायचा मोह आवरा. जाडी गेली की परत येत नाही, आणि घेणाऱ्याला त्याच्या मापाची जाडी हवी असते. फार तर एका बाजूला वीतभर जागा तासून आतली नक्षी दाखवा आणि तिथे पाण्याचा हात फिरवून फोटो घ्या. दोन्ही टोकांचे फोटो, शेजारी मोजपट्टी, आणि गाठ, चीर, किडीचं भोक जे असेल त्याचा जवळून फोटो. दोष आधी दाखवला की घासाघीस कमी होते. माप सांगताना लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार 144 ने भागा, घनफूट निघतात. 6 फूट लांब, 8 इंच रुंद, 1 इंच जाड फळी म्हणजे घनफुटाचा तिसरा हिस्सा. काही ठिकाणी बोर्ड फुटाचा हिशेब चालतो, तेव्हा 144 ऐवजी 12 ने भागायचं. तीच फळी 4 बोर्ड फूट भरते. भाव लावताना त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा वखारीतला भाव विचारून या आणि त्याच्या खाली राहा. वखारीइतका भाव मागाल तर लोक वखारीतच जातील, तिथे निवड तरी जास्त असते. लांब फळ्या पाठवायच्या भानगडीत पडू नका. येऊन घेऊन जा म्हणावं.

आखूड तुकड्यांत खरी गंमत आहे. वर सांगितलेल्या त्याच फळीचं बघा. ती रंधून पाऊण इंच जाड केली आणि प्रत्येक कापात करवत जेवढं लाकूड खाते ते सरळ अष्टमांश इंच धरलं, तर 8 इंचांतून पाऊण इंची 9 पट्ट्या निघतात आणि प्रत्येक पट्टीतून 5 इंची 14 कांड्या. एकूण 126. गाठी आणि चिरा वगळून शंभरेक तरी हाती येतात. फळी म्हणून तिला जे येईल ते आणि शंभर कांड्यांचे जे येतील ते, यात मोठा फरक असतो. पण लगेच सगळ्या फळ्या कांड्यांत कापायला बसू नका. साध्या पांढऱ्या बीचच्या शंभर कांड्या कोणी विचारणार नाही. पेन कातणारा घेतो ते गडद लाकूड, लाटा असलेला मॅपल, झाडाच्या खोडावरच्या गाठाळ फुगवट्यातलं वेड्यावाकड्या नक्षीचं लाकूड. तुमच्या ढिगात कामाला निकामी ठरलेला, रेषा वाकड्यातिकड्या गेलेला जो ठोकळा असेल, तोच इथे सोन्याच्या भावाने जातो. पंधरावीस कांड्या कापून बघा, गेल्या तर पुढच्या कापा.

ज्यांचं असं काही होत नाही अशा छोट्या कोरड्या तुकड्यांची मिश्र पेटी करा. प्रत्येक तुकड्यावर नाव लिहिलेलं, वजनावर विकायची. नव्याने शिकणाऱ्यांना पाच-सहा जातींचं लाकूड हाताळून बघायचं असतं, त्यांना ती आवडते. आणखी एक प्रकार म्हणजे मापात कापून, भोकं पाडून दिलेले सुटे भाग. घेणारा घरी नेऊन स्वतः जोडतो. ही कल्पना जुनी आहे. डच वास्तुकार गेरिट रीटफेल्ड यांनी 1934 मध्ये खोक्याच्या साध्या फळ्यांची खुर्ची केली, तीही सुट्या भागांत विकली जायची. तुम्ही पक्ष्याचं घरटं किंवा छोटी तिपाई घ्या. जोडणं, घासणं, रंगवणं हे वेळखाऊ काम गिऱ्हाईकच करतं आणि वर खूश होतं.

लाकूड सीमेपलीकडे पाठवायचं असेल तर शिसवीच्या कुळाबद्दल जपून. तिच्या डाल्बर्जिया वंशातल्या जवळजवळ सगळ्या जाती 2017 पासून सायटीस या, दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्या परदेशी पाठवायला परवाना लागतो (ब्राझिलियन शिसवी तर त्याहून कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे). दुसऱ्या परिशिष्टातल्या लाकडाच्या तयार वस्तूंना एका खेपेत 10 किलो लाकडापर्यंत सूट आहे, पण कांड्या आणि ठोकळे म्हणजे तयार वस्तू नव्हेत.

आता बनवून विकण्याकडे येतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण कुणा हौशी सुतारानेच काढली असावी असं मला कधीकधी वाटतं. लाकूड फुकट आहे म्हणून आपण खूश असतो, आणि घासण्यात, चिकटवण्यात, तेल लावण्यात जो वेळ जातो तो मोजतच नाही. नेदरलँड्सचे फर्निचर डिझायनर पीट हाइन एक ('एक' हे आडनाव) यांनी 1990 मध्ये शिक्षण संपवताना टाकाऊ लाकडाच्या तुकड्यांचं कपाट केलं आणि पुढे त्यावरच नाव कमावलं. पण त्यांची ती कपाटं स्वस्त कधीच नव्हती. उलट, सामान जवळपास फुकट आणि मेहनत भरपूर हाच त्यांचा मुद्दा होता, आणि किंमत मेहनतीची होती. तुमच्या ओळखीच्या लोकांना मात्र टाकाऊ लाकूड म्हटलं की वस्तू स्वस्त हवी असते. या दोन अपेक्षांच्या मध्ये हौशी माणूस भरडला जातो.

तरी करायचंच असेल तर एकच वस्तू निवडा आणि तीच पुन्हा पुन्हा करा. घड्याळ समोर ठेवून पहिल्या दोन नगांचा वेळ लिहून काढा: कापणं, चिकटवणं, घासणं, तेल, फोटो, बांधणं, गिऱ्हाइकाशी बोलणं. कापायला दहा मिनिटं गेली असतील तर घासायला त्याच्या तिप्पट-चौपट गेलेली दिसतील. मग किंमत अशी काढा: लाकूड फुकटचं असलं तरी आज तेच विकत घ्यावं लागलं तर जे पडेल ते, अधिक पॉलिश पेपर, सरस, तेल आणि पात्याची धार, अधिक तुमचे तास. तासाचा दर तुम्हाला दुसऱ्याने राबवलं तर किती मागाल त्या हिशेबाने. दुकानात ठेवणार असाल तर दुकानदार विक्रीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत ठेवून घेतो, तेही त्यात हवं. आलेला आकडा बघून तुमचा चेहरा पडेल. तो आकडा कमी करू नका, वस्तू बदला.

चॉपिंग बोर्ड बरा, पण अटींवर. लाकूड मॅपल, बीच किंवा अक्रोडासारखं घट्ट आणि ओळखीचं हवं. अनोळखी किंवा पॅलेटचं चालणार नाही, कारण काही लाकडं सरळसरळ विषारी असतात, कण्हेर त्यातलीच. चिकटवायला पाण्याला टिकणारा सरस, वरून खाण्याच्या दर्जाचं खनिज तेल. अक्रोडाचं तेल लावणार असाल तर कवचफळांची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी तसं लिहून द्या. डिशवॉशरमध्ये घालू नये, हे बोर्डाबरोबर कागदावर लिहून द्या, नाहीतर महिन्याभरात उघडलेल्या सांध्याचा फोटो येईल.

खेळणी नकोत, निदान तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नकोत. विकायच्या खेळण्यांना सुटणारे लहान भाग, रंग, तेल यांचे कायदेशीर नियम असतात आणि त्यांची तपासणी असते. हौशी माणसाला ते झेपत नाही, आणि चाक सुटून मुलाच्या घशात अडकलं तर गोष्ट पैशांची राहत नाही.

पुस्तकांच्या कपाटाला तर सरळ नाही म्हणा. मित्राच्या मापाचं कपाट तुमच्या ढिगातल्या फळ्यांत बसणारच नाही. त्यासाठी तुम्ही नवं लाकूड आणाल, थोडं जास्तच आणाल, आणि उरलेलं परत ढिगात जाईल. वर किंमत सांगताना संकोच, उशीर झाला की अपराधीपणा, आणि सुट्टीचे दिवस गेले ते वेगळेच. मित्राला कपाट द्यायचंच असेल तर भेट म्हणून द्या.

अक्रोडाची रुंद फळी विकू नका आणि कापूही नका. आजकाल एकसंध रुंदी मिळत नाही, तिची किंमत त्या रुंदीतच आहे. तुकडे केले की ती साधी होते. पण 'कधीतरी' हा शब्द खोडून तिच्यावर खडूने एक तारीख लिहा. त्या दिवसापर्यंत टेबलाचं माप काढून पाय कापलेले नसतील तर ती टेबल करणाऱ्या माणसाला विका. मला विचाराल तर मी ते टेबल करीन.

प्लेनरबद्दल. आधी घेऊ नका. मशीन घेतलं की त्याचे पैसे वसूल करायला तुम्ही आणखी लाकूड आणाल, हे मी अनेक हौशांच्या बाबतीत बघितलंय. दुसरं म्हणजे, ते तुमचा प्रश्न सोडवत नाही. जाडी काढणारा प्लेनर फळीच्या दोन्ही बाजू समांतर करतो, पीळ काढत नाही. त्याचे रूळ पिळलेली फळी दाबून सपाट करतात, ती दुसऱ्या टोकाने बाहेर पडली की पुन्हा पिळते, फक्त पातळ होऊन. त्यासाठी आधी एक बाजू हातरंध्याने किंवा जॉइंटर नावाच्या वेगळ्या मशीनवर सपाट करावी लागते. आणि तुमचा विकाऊ माल आखूड आहे. बहुतेक छोट्या मशीनांत फूटभरापेक्षा कमी लांबीचा तुकडा घालायचाच नसतो, दोन रुळांच्या मध्ये तो उसळून फेकला जातो. महिन्यातून एकदा एखाद्या सुताराकडे पैसे देऊन फळ्या रंधून आणा. विक्रीतून मशीनची रक्कम उभी राहिली आणि तरीही ते हवंसं वाटलं, तर घ्या.

त्याआधी पैसे घालायचेच तर धूळ ओढणाऱ्या यंत्रात आणि चांगल्या मास्कमध्ये घाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. छंद म्हणून महिन्यात दोन वस्तू घासणं वेगळं आणि विकायला वीस घासणं वेगळं. जवसाच्या तेलाची फडकीही अशीच. गोळा करून कोपऱ्यात टाकलेलं फडकं तेल सुकताना स्वतःच तापतं आणि पेट घेतं. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीला फेब्रुवारी 1991 मध्ये लागलेली आग अशाच फडक्यांनी सुरू झाली होती, तीन अग्निशमन जवान त्यात गेले. फडकी एकेक सुटी पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

विक्रीची एक साधी वही ठेवा, काय गेलं आणि किती आले. छंदातली असली तरी ती कमाईच आहे, आणि तुमच्याकडचा करांचा नियम बघून ठेवलेला बरा.

राहिलं ते तिसऱ्या वाट्यातलं. स्वच्छ, रंग न लागलेले लाकडी तुकडे जळणाला द्या, रंध्याच्या सालपटांना कोंबड्या-ससे पाळणारे गिऱ्हाईक असतात, फार पैसे येत नाहीत पण जागा मोकळी होते. प्लायवुड आणि एमडीएफचा भुसा मात्र त्यात मिसळू नका, त्यात चिकटद्रव्यं असतात. आणि कोणी घोड्यांच्या तबेल्यात पसरायला सालपटं मागितली, तर अक्रोडाची वेगळी काढून ठेवा. काळ्या अक्रोडाच्या सालपटांवर उभ्या राहिलेल्या घोड्यांच्या खुरांना काही तासांतच सूज येऊन ते लंगडतात.